उनपदेवचं गरम पाणी

नात जळगावला सीबीएसईच्या शाळेत. तिचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक चाळलं, तर प्रकरणाचं नाव नुसतंच ‘आनुवंशिकता’. पूर्वी त्यापुढे ‘आणि उत्क्रांती’ असायचं. कोरोनात मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीनं ती काढली. २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं, उपयोग झाला नाही. बारावीत आहे म्हणे. म्हणजे जीवशास्त्र घेईल त्यालाच. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. ज्या मराठी शाळांतून आपण पोरं काढली, तिथं डार्विन अजून बसलेला आहे.

मी धुळे जिल्ह्यात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पहिली दहा सांगण्यासारखी नाहीत : फळ्यावर प्रश्न, फळ्यावरच उत्तर. शेवटची दहा क्लासवाल्यांनी खाल्ली. मधली, १९९० नंतरची, तेवढी माझी.

एका हिवाळ्यात सहल उनपदेवला नेली. अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमुखातून गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारला आणि झरा फुटला, ही तिथली कथा. ती पुजाऱ्यानं सांगितली. मग मी डार्विनचं १८७१ चं पत्र सांगितलं : जीव एखाद्या कोमट डबक्यात सुरू झाला असेल का? ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेननं १९२९ मध्ये त्या डबक्याचा समुद्र केला. (हा पुढे भारताचा नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला, हे पोरांना फार आवडायचं.) १९५३ मध्ये मिलरनं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ काचेत कोंडून ठिणग्या पाडल्या, आठवड्यात अमिनो आम्लं मिळाली. जीव नाही मिळाला, तेही सांगितलं. पोरं ओल्या चड्ड्यांनी ऐकत होती. रामाचा बाण आणि मिलरची ठिणगी यांचं तिथं काही भांडण झालं नाही.

भांडणं शिक्षकखोलीत. एक सहकारी दशावतार घेऊन बसायचे : मत्स्य, कूर्म, वराह, डार्विनच्या आधी आपल्याकडेच! मग परशुराम आणि राम या कोणत्या प्रजाती, असं विचारलं की त्यांना चहा आठवायचा. दुसरे ते शहरातून येणारे व्याख्याते. पहिल्याच वाक्यात देवाला शिवी, आणि पारावरची अर्धी माणसं घरी.

पारावरच एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “मास्तर, माकडना माणूस व्हयना, मंग आते माकडे का बरं ऱ्हायनात?” म्हटलं, बाबा, तुमचा चुलतभाऊ सुरतेला गेला, तुम्ही इथं राहिलात. तुम्ही काही त्याच्यापासून झाला नाहीत, आजोबा एक. तो बराच वेळ गप्प बसला, मग हसला.

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह साधारण हेच म्हणाले, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, म्हणून शाळेतला डार्विन बदला. देशाच्या तीन विज्ञान अकादमींनी पत्रक काढलं. मला तो म्हातारा आठवला. त्यानं उत्तर ऐकेपर्यंत बैठक मोडली नव्हती.

त्याच सुमारास गावात सप्ताह होता. महाराजांनी कीर्तनात जीव जन्मण्याच्या चार खाणी सांगितल्या. स्वेदज म्हणजे घामातून, ओलाव्यातून जन्मणारे जीव. कीर्तन संपल्यावर मी त्यांना पाश्चरचा बाकदार नळीचा चंबू समजावला : उकळलेल्या रश्श्यात आपोआप काही उपजत नाही, जीव जिवापासूनच. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मग गुरुजी, पहिला जीव कोणापासून?”

मी मिलरची ठिणगी काढली, पण ती तिथवर पोचत नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांना दिसलं होतं. विड्याचं पान पुढे करत ते एवढंच म्हणाले, “शोधा, शोधा.”

दुसऱ्या रात्रीच्या कीर्तनात स्वेदज आले नाहीत. सुरतेचा चुलतभाऊ मात्र आला, टाळ्याही झाल्या. माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही. तेवढा राग अजून आहे.