गल्लीच्या तोंडाशी ‘थांबा’

लाल दिवा तोडणे आणि ‘थांबा’ची पाटी न जुमानणे, हे दोन्ही गुन्हे मोटार वाहन कायद्याने 2019 पासून शेजारी-शेजारी बसवले आहेत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम 184 मध्ये धोकादायक रीतीने वाहन चालवणे म्हणजे काय याची यादीच दिली. हातात मोबाइल धरून गाडी चालवणे तीत आहे, उलट्या दिशेने घुसणे आहे आणि ‘थांबा’ची पाटी मोडणेही आहे. पहिल्याच खेपेला किमान सहा महिने ते वर्षभराची कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एवढ्या जबर शिक्षेच्या पाठीशी असलेली ही लाल अष्टकोनी पाटी नेमकी कुठे असावी, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच कुणी विचारतो. अपघात झाला, ओरड झाली, की पाटी लागते. नाहीतर शाळेसमोर, देवळासमोर, कुणाच्या तरी बंगल्यासमोर लागते. खरे तर ती लावण्याचे शास्त्र सोपे आहे, शाळेतल्या भूमितीएवढे. आणि ते समजून घ्यायला देशातल्या कुठल्याही नव्या शहरापेक्षा तंजावरचे जुने गाव अधिक सोयीचे आहे.

आधी पाटीचा स्वभाव पाहू. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात 1915 साली ‘थांबा’ची पहिली पाटी लागली असे मानतात. आठ कोनांचा आकार 1923 च्या सुमारास सुचवला गेला. धोका जितका मोठा तितके पाटीचे कोन जास्त, असा त्यामागचा हिशेब होता. फायदा असा की ही पाटी पाठमोरी दिसली तरी ओळखता येते; समोरच्या चालकावर थांबण्याचे बंधन आहे हे मुख्य रस्त्यावरच्यालाही कळते. रंग मात्र बरीच वर्षे पिवळा होता, लाल झाला 1954 मध्ये. रस्त्यांवरच्या चिन्हांविषयीचा 1968 चा व्हिएन्ना करार भारताने 1980 मध्ये मान्य केला आणि आपल्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टातही ही पाटी बंधनकारक चिन्हांत आली. पाट्या कशा असाव्यात, कुठे असाव्यात याची संहिता इंडियन रोड्स काँग्रेसने ‘आयआरसी 67’ या नावाने केली आहे. तिच्यात आणि जगातल्या बहुतेक संहितांत दोन पाट्या जोडीने येतात. एक ‘थांबा’, दुसरी खाली टोक केलेला त्रिकोण, म्हणजे ‘रस्ता द्या’. दोन्ही लहान रस्त्यावर, मुख्य रस्त्याला मिळण्याआधी, चालकाच्या डाव्या हाताला लागतात. ‘रस्ता द्या’ सांगते की वेग कमी कर, बघ, कुणी येत असेल तर थांब. ‘थांबा’ सांगते की कुणी येत असो वा नसो, आधी थांब. मग पहिलीने भागत असताना दुसरी का लावायची? कारण एकच असू शकते: न थांबता बघणे जिथे शक्यच नाही, तिथे. ब्रिटनमध्ये ही शिस्त इतकी पाळत की ‘थांबा’च्या एकेका जागेला अनेक वर्षे मध्यवर्ती सरकारची मंजुरी लागे, आणि ती मुख्यतः दृष्टी अडलेल्या तोंडांनाच मिळे. बाकी सगळीकडे त्रिकोण.

आता तंजावर. गावाच्या मोठ्या कोटाच्या आत मध्यभागी राजवाडा आणि त्याच्या सभोवार पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा चार राजवीथी. नायकांनी मांडलेला हा पट 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांच्या हाती आला आणि 1855 पर्यंत भोसल्यांकडे राहिला. पूर्व राजवीथीला लागून राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय आहे, पश्चिम राजवीथीवर बंगारू कामाक्षीचे देऊळ. या वीथी रुंद आहेत, कारण त्या रथासाठी आहेत. बृहदीश्वराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षे बंद होता, तो 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि रथ याच चार रस्त्यांवरून फिरला. वीथींना मिळणाऱ्या गल्ल्या मात्र माणसे, पालख्या आणि फार तर बैलगाडी यांच्या मापाच्या आहेत. जुन्या घरांच्या भिंती आणि ओटे थेट रस्त्याच्या कडेला टेकलेले. कोपऱ्याला अंगण नाही, कुंपण नाही, तिरका छेद नाही. मानोजी अप्पा किंवा दबीर यांची नावे अजून वागवणाऱ्या या गावात सरदार-दरकदारांचे वाडे ज्या काळी उभे राहिले, त्या काळी गल्लीतून ताशी वीस किलोमीटरने काहीतरी बाहेर येईल ही कल्पना कुणाला असायचे कारणच नव्हते.

इथे भूमिती मांडून पाहावी. चार मीटर रुंदीची गल्ली घ्या. दुचाकीवाला डाव्या बाजूने येतो, म्हणजे त्याचा डोळा उजव्या भिंतीपासून साधारण अडीच मीटरवर. आपल्याकडे डावीकडून चालतात, त्यामुळे वीथीवरून त्याला पहिला धोका उजवीकडून, आणि तोही अलीकडच्या बाजूने. हे येणारे वाहन घरांच्या रेषेपासून तीन मीटरवर आहे असे धरू. ताशी 20 किलोमीटर वेगात ब्रेक दाबून थांबायला आपल्या रस्ते-संहिता 20 मीटर अंतर धरतात, 30 किलोमीटरला 30 मीटर. म्हणजे न थांबता सुरक्षित निघायचे तर दुचाकीवाल्याला कोपऱ्याच्या 20 मीटर अलीकडूनच वीथीवरचा निदान 30 मीटरचा पट्टा दिसायला हवा. प्रत्यक्षात समरूप त्रिकोणाच्या हिशेबाने त्याला तिथून कोपऱ्यापलीकडचे दिसते ते जेमतेम 38 सेंटिमीटर. कोपरा दोन मीटरवर आला तरी पावणेचार मीटरच. डोळा भिंतीच्या रेषेपर्यंत येतो तेव्हा कुठे वीथी उघडते. या हिशेबाला कुठल्याही पाहणीची गरज नाही. फूटपट्टी आणि पेन्सिल पुरते. असे तोंड म्हणजे ‘थांबा’ची हक्काची जागा. इथे ‘रस्ता द्या’ लावणे म्हणजे जे दिसत नाही ते बघून निर्णय घे असे चालकाला सांगणे.

याच शहरात कोटाबाहेर चित्र बदलते. मेडिकल कॉलेज रस्त्यासारखा रुंद रस्ता, किंवा रामनाथन चौकातले गोल वाहतूक बेट, अशा जागी प्रश्न दृष्टीचा नसून गर्दीचा आणि वेगाचा असतो. गोल बेटावर आत शिरणाऱ्याने उजवीकडच्याला वाट द्यावी एवढा नियम पुरतो, तिथे ‘थांबा’ लावली तर उलट गाड्यांची रांग वाढते. जिथे वाहने खूप आणि दिशा अनेक, तिथे सिग्नल. एका शहरात तीन वेगळ्या औषधांची तीन ठिकाणे, आणि प्रत्येक औषध दुसरीकडे दिले तर अपाय.

‘थांबा’ची पाटी योग्य जागी लावली तरी काम संपत नाही, कारण थांबण्याची रेषा कुठे ओढायची हा त्याहून नाजूक प्रश्न उरतो. मुख्य रस्त्यावर वाहने जेवढे अंतर आठ सेकंदांत कापतात तेवढे लहान रस्त्यावर थांबलेल्याला दिसावे, असा आपल्या अभियांत्रिकीतला प्रचलित ठोकताळा आहे. ताशी 30 किलोमीटरला ते सुमारे 67 मीटर होते. आमच्या गल्लीत रेषा घरांच्या भिंतीला समांतर, थोडी मागे ओढली, तर चारचाकीचा चालक थांबेल खरा, पण काही पाहणार नाही. त्याचा डोळा गाडीच्या नाकापासून दोन मीटर मागे असतो. मग तो आंधळेपणाने नाक बाहेर काढतो, आणि ओट्यालगत चालणाऱ्या आजीबाईंना त्या नाकाची ओळख आधी होते. म्हणून अशा तोंडाला खरे तर दोनदा थांबावे लागते: भिंतीच्या रेषेवर पायी जाणाऱ्यांसाठी, आणि तिथून रांगत पुढे येऊन वाहनांसाठी. रंगवलेली रेषा भिंतीशी असावी आणि पुढचा पट्टा, जिथवर वाहन रांगत यायचे, तो गाड्या लावण्यापासून मोकळा ठेवावा. चौकालगत वाहन उभे करायला नियमाने मनाई आहेच. ती अंमलात आली नाही तर पाटी, रेषा आणि भूमिती तिन्ही वाया. कोपऱ्यावर लावलेली एक रिक्षा चुना-विटांच्या भिंतीपेक्षा जास्त आंधळा कोपरा तयार करते.

इथवर वाचून कुणीही म्हणेल की आपल्याकडे पाट्या पाळतो कोण? आक्षेप खरा आहे. देशात 2022 मध्ये 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसे गेली. अपघातांची संख्या सर्वांत जास्त तमिळनाडूत होती, 64,105. मेलेल्यांत जवळजवळ 45 टक्के दुचाकीवरचे. अशा देशात पत्र्याच्या तुकड्यावर भरवसा ठेवणे भाबडेपणाचे वाटेल. पण न पाळण्याचे एक कारण पाट्या लावणाऱ्यांच्याच हातात आहे. जिथे दोन्ही बाजू लख्ख दिसतात तिथे ‘थांबा’ लावली की चालक पहिल्या आठवड्यात थांबतो, दुसऱ्या आठवड्यात हळू होतो, तिसऱ्यात निघून जातो. त्याच्या डोळ्यांनी त्याला सांगितलेले असते की पाटी खोटे बोलते आहे. मग तोच चालक खऱ्या आंधळ्या तोंडालाही त्याच सवयीने जातो. अमेरिकेच्या वाहतूक-चिन्हांच्या राष्ट्रीय नियमावलीत ‘थांबा’ आणि ‘रस्ता द्या’ या पाट्या वेग कमी करण्यासाठी वापरू नयेत असे स्पष्ट लिहिले आहे, त्यामागे हाच अनुभव आहे. पाट्यांत कंजूषपणा करावा असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. जी मोजकी तोंडे उरतील तिथे पोलिसाला उभे राहणेही परवडेल. दीडशे ठिकाणी परवडणार नाही.

दुसरा आक्षेप गतिरोधकवाल्यांचा. पाटी डोळ्यांना दिसते, गतिरोधक कमरेला कळतो, तेव्हा तोच का नको? गतिरोधकाचेही प्रमाण ठरलेले आहे. संहितेतला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी 25 किलोमीटरने ओलांडता यावा असा बेतलेला असतो. गल्लीत घरमालकांनी रातोरात उठवलेले टेंगूळ म्हणजे गतिरोधक नव्हे. आता 25 किलोमीटरला थांबायला 25 मीटर लागतात आणि आमच्या कोपऱ्यावर दोन मीटरवरून दिसतात पावणेचार. म्हणजे नियमानुसार बांधलेला गतिरोधक आंधळ्या तोंडाचा प्रश्न सोडवत नाही, फक्त टक्कर थोडी मऊ करतो. मुख्य वीथीवर मात्र वेग उतरवण्याला अर्थ आहे: वेग 30 वरून 20 वर आला तर ते 67 मीटर 44 वर येतात. पण तंजावरात त्या वीथींवरून रथ जातो, तेव्हा तिथे उंचवटे बांधण्याआधी देवस्थानाला विचारावे लागेल. वेगमर्यादेची पाटी आणि तिची अंमलबजावणी हाच तिथला सरळ मार्ग. ‘थांबा’च्या खांबाचा रथाला अडथळा होत नाही, कारण तो वीथीत नसतो, गल्लीत असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. ‘थांबा’ची पाटी सगळी जबाबदारी गल्लीतल्या सायकलवाल्यावर, स्कूटरवाल्यावर टाकते आणि वीथीवरून सुसाट जाणाऱ्या चारचाकीला पवित्र करून सोडते. म्हणून चारी बाजूंना ‘थांबा’ लावा, सगळे समान, असा उपाय सुचवला जातो. अमेरिकेत तशा चौकांची पद्धत आहे, पण तिथेही मुख्य रस्त्यावर दिवसातले कोणतेही आठ तास ताशी निदान 300 वाहने आणि लहान रस्त्यावर वाहने, सायकली, पादचारी मिळून ताशी सरासरी 200, अशा अटी जुन्या नियमावलीत दिसतात. शिवाय जो आधी आला तो आधी जाईल हा संकेत सगळ्यांनी पाळावा लागतो. आपल्याकडे नियम उजवीकडच्याला वाट देण्याचा. दुचाकींच्या घोळक्यात आधी कोण आला हे ठरवणार कोण? शिवाय वीथीवरच्याला सगळे दिसत असताना थांबायला लावणे म्हणजे पुन्हा खोटी पाटी. समतेची मागणी योग्य आहे, पण तिची जागा वीथीची वेगमर्यादा आणि चौकाजवळ वेग कमी करण्याचा नियम ही आहे. तो नियम मुख्य रस्त्यावरच्यालाही लागू आहे. अष्टकोनी पाटीकडून न्यायनिवाडा करून घेऊ नये.

राहिला प्रश्न कुणी करायचे हा. चिन्हे उभारण्याचा अधिकार कायद्याचे कलम 116 राज्य सरकारला आणि त्याने अधिकृत केलेल्या यंत्रणांना देते. शहरात ही कामे महापालिका, महामार्ग खाते आणि पोलीस यांच्यात विभागली जातात, म्हणजे बहुधा कुणाचीच राहत नाहीत. तंजावर 2014 मध्ये महापालिका झाले आणि 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले. रस्त्यांच्या कामांत पैसा आला. त्या पैशातून चारी राजवीथींना मिळणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दृष्टीचा त्रिकोण मोजून एक यादी करणे हे कुठल्याही सुशोभनापेक्षा स्वस्त काम आहे. दिसत नाही तिथे ‘थांबा’, थोडे दिसते तिथे ‘रस्ता द्या’, नीट दिसते तिथे काहीच नाही. अगदी अरुंद गल्ल्या मोटारींना बंद किंवा एकदिशा करता आल्या तर आणखी चांगले, मग तिथे पाटीचीही गरज उरत नाही. आणि रस्त्याची रचना प्रमाणाला सोडून केल्याने कुणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे 2019 च्याच दुरुस्तीतल्या कलम 198-अ ने सांगितले आहे.

भिंतीला भिंत लागलेले कोपरे वाईत आहेत, साताऱ्यात आहेत, पुण्याच्या पेठांत आणि कोल्हापूरच्या जुन्या गावठाणातही आहेत. पुढच्या वेळी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे गतिरोधक मागायला जाल, तेव्हा आधी त्याला आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभे करून मोठ्या रस्त्यावरचे किती मीटर दिसते ते मोजायला लावा.