गुंतागुंतीचा म्हणजे नेमका कसा?

ज्या गोष्टीचे एका वाक्यात वर्णन होत नाही तिच्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गुंतागुंतीचे, जटिल, क्लिष्ट, किचकट, व्यामिश्र. आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. वस्तुतः त्यांची कुळे वेगळी आहेत. गुंता सुताचा असतो. तो पडतो तसा सुटतोही, फक्त टोक सापडावे लागते. जटिल या शब्दात जटा आहे, आणि जटा सोडवण्यापेक्षा कापाव्या लागतात. क्लिष्टच्या मुळाशी क्लेश आहे. म्हणजे समाजरचना गुंतागुंतीची असू शकते, क्लिष्ट असते ते बहुधा तिच्यावरचे लिखाण, कारण क्लेश वाचणाऱ्याला होतात. (चळवळीतली नियतकालिकेही या दोषातून सुटलेली नाहीत.)

व्यामिश्रची गोष्ट अधिक मौजेची आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हा शब्द अर्जुनाच्या तोंडी येतो तो तक्रार म्हणून: तुझ्या सरमिसळ बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, एक काय ते सांग. मराठी समीक्षेत मात्र हीच तक्रार प्रशस्तिपत्र झाली. अनुभव ‘व्यामिश्र’ असला की कलाकृती थोर. दलित साहित्य जोमाने पुढे आले तेव्हा प्रस्थापित समीक्षेतून ते एकसुरी आहे, प्रचारकी आहे, त्यात व्यामिश्रता नाही, असे आक्षेप घेतले गेले. गावकुसाबाहेरच्या जगण्यात अन्न, अब्रू, श्रम, देव आणि सरकार एकमेकांत किती मिसळलेले असतात हे पाहण्याआधीच हा निकाल दिला जाई. मध्यमवर्गीय मनाची घालमेल ती तेवढी व्यामिश्र, आणि भाकरीसाठी जात लपवणाऱ्या माणसाची घालमेल ती प्रचार!

व्याख्यानांत आणि वर्तमानपत्री चर्चांत हेच वाक्य दुसऱ्या वेषात भेटते: ‘जातीचा प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे.’ वाक्य खोटे नाही. प्रश्न असा की ते चर्चेच्या आरंभी येते की शेवटी. आरंभी आले तर बोलणाऱ्याने धागे मोजायला घ्यावेत. शेवटी आले तर समजावे की त्याला उठायचे आहे.

आरंभी कसे म्हणावे याचा नमुना 1916 सालचा आहे. त्या वर्षी 9 मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. विषय अवघड आहे आणि भल्याभल्यांना तो उलगडलेला नाही हे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केले. मग सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून मराठी वाचकाला माहीत झालेले केतकर यांच्या व्याख्या तपासल्या. केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली होती: जन्माने मिळणारे सभासदत्व आणि बाहेर लग्न करण्यास बंदी. बाबासाहेबांनी दाखवले की ही दोन नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न आतच करायचे ठरवले की सभासदत्व आपोआप जन्मापुरते उरते. टोक सापडले! ते धरून ते पुढे गेले. गटातच लग्ने लावायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती हवी; नवरा मेला की एक बाई ‘जादा’ होते, बायको मेली की एक पुरुष. बाईला जाळायचे किंवा सक्तीच्या वैधव्यात ठेवायचे, पुरुषाला मात्र पुढच्या पिढीतली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या वेगवेगळ्या वाटणाऱ्या रूढी एका सुतात आल्या. पुढे त्यांनी घडवलेली ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संज्ञाही याच जातीची आहे. नुसती विषमता म्हटले की वरचे आणि खालचे एवढेच दिसते. श्रेणीबद्ध म्हटले की प्रत्येक पायरीवरच्या माणसाला तुडवायला आणखी कोणीतरी खाली असते, आणि म्हणून सगळे खालचे एकत्र का येत नाहीत, हेही त्याच शब्दातून कळते. संज्ञा जड आहे, पण ती काम करते.

साधा शब्दही हे काम करू शकतो, उलट फसवूही शकतो. ‘वतन’ घ्या. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन आणि महाराचे वतन. शब्द एकच, आणि 1874 च्या मुंबई वतन कायद्यात तिन्हींची नोंद एकाच छपराखाली. पाटलाच्या घरी तो मान होता. महारवाड्यात त्याचा अर्थ होता वेस राखणे, मेलेले ढोर ओढणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, सरकारी अंमलदार येईल तेव्हा हजर होणे. वेळेला मर्यादा नाही, आणि मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि खळ्यावर मिळेल ते बलुते. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पण इथे खरी गुंतागुंत होती, आणि ती सांगायला लाजू नये. वतन सोडा म्हटल्यावर आपल्याच लोकांतून विरोधही झाला. कारण जी बेडी होती तिच्यातच तुकडाभर जमीन होती, आणि गावात ‘आमचा हक्क’ म्हणायला तेवढीच जागा होती. ‘लोक अज्ञानी होते’ म्हटले की हे सगळे दिसेनासे होते. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले तेव्हा त्या एका शब्दात मजुरी, मागणे आणि हक्क तिन्ही होते.

1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. जमिनी ठराविक रक्कम भरल्यावर मूळ धारकांना नव्या शर्तीने परत द्यायच्या, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत, असे ठरले. वारस आजही कचेरीत जातो तेव्हा ‘प्रकरण किचकट आहे’ हे उत्तर त्याच्या ओळखीचे असते. कार्यकर्त्याने तिथे शब्दावर न थांबता विचारावे: कब्जेहक्काची रक्कम भरली होती का, वारसाची नोंद सातबाऱ्यावर चढली का, विक्री झाली असेल तर परवानगीचा हुकूम कुठे आहे? प्रत्येकाचा कागद वेगळा असतो, आणि तो मागता येतो.