शेंड्यांचं वय

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने कमरेला टेकलेल्या, पाऊण मीटर लांब वेणीचा शेंडा पाच वर्षांचा असतो. आठवड्यातून दोनदा न्हाणं धरलं, तर पाचशेहून जास्त न्हाणी, तेवढ्याच वेळा टॉवेलची घसाघस आणि रोजची फणी त्याने सोसलेली असते. मुळाशी मात्र परवा-तेरवा उगवलेला, घामट, तेलकट केस. या दोघांना आपण एकच शाम्पू लावतो आणि सारख्याच जोराने चोळतो. ‘माझे केस वाढतच नाहीत’ म्हणणाऱ्या मुलीचे केस पुष्कळदा वाढत असतात, पण वरून वाढतात तेवढेच खालून तुटतात.

केसावर खवल्यांचं आवरण असतं. कौलारू छपरासारखे ते एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची तोंडं शेंड्याकडे असतात. मुळाजवळ त्यांचे सहा ते दहा थर सापडतात. शेंड्याशी ते झिजत जातात, कधी एकही उरत नाही, आणि मग केसाला फाटे फुटतात. पाण्यात केस फुगतो, खवले उचलले जातात. अंगाचा साबण अल्कधर्मी असल्यामुळे ते आणखीच उचलतो, म्हणून लांब केसांना तो लावूच नये.

आई शनिवारी रात्री माझी वेणी सोडायची आणि खोबरेल आधी शेंड्यांना लावायची. एकेक बट तळहातावर घेऊन वरून खाली बोटं फिरवायची, टाळूवर जेमतेम दोन थेंब. थंडीत तेल थिजलं की वाटी गरम पाण्यात धरायची. रविवारी सकाळी न्हाणं. तेल आधी आणि पाणी नंतर, हा क्रम किती बरोबर होता ते मला फार उशिरा कळलं.

खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. तेल मुरलेला केस पाणी कमी पितो, कमी फुगतो. मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातलं प्रथिन वाहून जातं ते फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं, बाकी दोन्ही तेलं वरच राहिली. ही कंपनी खोबरेल विकते, हे वाचताना ध्यानात ठेवायलाच हवं. पण रेणूच्या आकाराचं स्पष्टीकरण मला पटतं, आणि माझ्या केसांचा अनुभवही तोच आहे. न्हाण्याआधी अर्धा-एक तास तेल पुरतं. एरंडेल मात्र लांब केसांना जपूनच. ते इतकं चिकट की निघता निघत नाही, आणि ते काढायच्या नादात केसांचा गुंता होतो.

डोक्यात कोंडा असेल तर टाळूला रात्रभर तेल नको. कोंड्याशी ज्या बुरशीचा संबंध आहे, ती टाळूवरच्या तेलावरच जगते.

आता शिकेकाई. शेंगा, रिठ्याची टरफलं आणि आवळकाठी रात्री भिजवून सकाळी उकळायची आणि फडक्यातून गाळायची, नाहीतर चोथा चार दिवस केसांतून निघत राहतो. शिकेकाईतल्या आणि रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो, मळ सुटतो. पण झाडावरचं म्हणून ते सौम्यच असेल असं नाही. रिठा जास्त पडला की केस राठ होतात, आणि डोळ्यांत गेला तर किती झोंबतो ते ज्याचं त्याला ठाऊक. घाईच्या दिवशी सौम्य शाम्पू घ्यायला मला काहीच हरकत वाटत नाही. बाटलीच्या मागचं बारीक वाचावं. सोडियम लॉरिल सल्फेट यादीत वर असेल तर ते तेल ओरबाडून काढतं. कोकॅमिडोप्रोपिल बीटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड हळुवार काम करतात. फेस कमी येतो म्हणून मळ निघाला नाही असं समजू नये.

शाम्पू मगातल्या पाण्यात पातळ करून घ्यावा आणि बोटांच्या पेरांनी फक्त टाळूला चोळावा. नखं लावू नयेत. सगळे केस डोक्यावर गोळा करून घुसळायची सवय फार वाईट, निम्मा गुंता तिथेच होतो. केस उभे, मोकळे सोडून पाणी ओतलं की खाली वाहणारा फेसच शेंड्यांना पुरतो. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे गाळलेल्या, साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. केस किती मऊ होतात ते लगेच हाताला कळतं.

ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि पटकन तुटतो. म्हणून झटकणं नको, चोळणं नको. वापरून मऊ झालेल्या सुती पंच्यात केस नुसते दाबून धरायचे. निम्म्याहून जास्त वाळले की मोठ्या दातांची फणी घ्यायची आणि शेंड्यापासून सुरुवात करायची. चार बोटं मोकळी झाली की थोडं वर, मग आणखी थोडं वर. आई याला अर्धा तास लावायची. मी कुरकुरायचे, ती हातातली बट वरच्या बाजूला घट्ट धरून ठेवायची, म्हणजे खालच्या गुंत्याचा ओढा टाळूपर्यंत पोचत नसे.