शिकवलेला कामगार सोडून जातो? अप्रेंटिस कायदा काय सांगतो

भोसरी असो की सातपूर, छोट्या वर्कशॉपच्या मालकांची तक्रार सारखीच असते. मुलाला मशीन शिकवायचं आणि हात बसला की तो मोठ्या कंपनीत जातो. मग शिकवायचं कशाला?

छोट्यांना अप्रेंटिस घेता येतो?
हो. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त कामगार असतील तर घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक.

खर्चाचं काय?
२०१६ पासूनच्या केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा कमाल १,५०० रुपये, सरकार देतं. ही रक्कम थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होते.

मुलगा थांबेल?
१९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार प्रशिक्षणानंतर ठरावीक काळ काम करण्याची अट करारात घालता येते. पण मग योग्य नोकरी देणं मालकावरही बंधनकारक होतं.

उमेदवारांनी काय पाहावं?
करार पोर्टलवर नोंदलेला आहे ना, हे आधी तपासा. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. नोंदच नसेल, तर नावाला अप्रेंटिस आणि प्रत्यक्षात स्वस्तातला हेल्पर, अशी गत होते.