मनोविकारशास्त्र शिकायला कोणाला मिळालं?

अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ होण्याची संधी कोणाला मिळाली, याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला, तर स्त्रियांचं खातं आणि कृष्णवर्णीयांचं खातं अगदी वेगवेगळं निघतं.

सुरुवात डॉ. सॉलोमन कार्टर फुलर यांच्यापासून करावी लागते. लायबेरियात जन्मलेले फुलर १८९७ मध्ये बोस्टनमध्ये डॉक्टर झाले, पुढे म्युनिकला अल्झायमर यांच्या हाताखाली काम करून आले. अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ ते हेच. बोस्टन विद्यापीठात पाच वर्षं त्यांनी विभागप्रमुखाचं सगळं काम केलं, पद मात्र मिळालं नाही. १९३३ मध्ये त्यांच्या डोक्यावर एक गोरा सहायक प्राध्यापक बसवला गेला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

तोवर पुढच्या पिढीची वाटही अरुंद झाली होती. वैद्यकीय महाविद्यालयांच्या दर्जाची झडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच वैद्यकीय महाविद्यालयांना टाळं लागलं. हॉवर्ड आणि मेहॅरी तेवढी तगली. इतरत्र प्रवेश मिळणं किती कठीण होतं, ते डॉ. मार्गारेट मॉर्गन लॉरेन्स यांच्या वाट्याला आलेल्या उत्तरावरून कळतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या या हुशार पदवीधर मुलीला तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयानं नाकारलं. कारण काय, तर पंचवीस वर्षांपूर्वी एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं होतं आणि त्याला क्षय झाला! त्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. वर्गात दुसरं कृष्णवर्णीय कोणी नव्हतं. १९४० मध्ये त्या डॉक्टर झाल्या, मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या मुलांवर वर्षानुवर्षं उपचार केले.

१९६९ मध्ये मायामीत कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ आपल्या मागण्या घेऊन थेट अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशन या व्यावसायिक संघटनेच्या विश्वस्तांपुढे जाऊन उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची संघटना काढली, डॉ. चेस्टर पियर्स तिचे पहिले अध्यक्ष. या रेट्यानंतर १९७४ मध्ये अल्पसंख्याक प्रशिक्षणार्थींसाठी फेलोशिप सुरू झाली.

स्त्रियांच्या बाबतीत चक्रं वेगानं फिरली. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत त्या जेमतेम दहा टक्के होत्या. १९७२ च्या कायद्यानं प्रवेशातला लिंगभेद बेकायदा ठरवला आणि २०१९ मध्ये त्यांची संख्या निम्म्यापुढे गेली. मनोविकारशास्त्राच्या निवासी डॉक्टरांतही आज त्या निम्म्याहून अधिक आहेत.

परदेशातून आलेल्या डॉक्टरांनीही या शाखेत मोठी जागा भरून काढली. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये आणि मुंबईच्या केईएममध्ये शिकलेले डॉ. दिलीप जेस्ते २०१२ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे पहिले आशियाई वंशाचे अध्यक्ष झाले. पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष डॉ. अल्था स्टुअर्ट यांना ते पद मिळायला २०१८ उजाडलं. आणि मनोविकारतज्ज्ञांत कृष्णवर्णीय किती? शंभरात दोनच्या आसपास. लोकसंख्येत मात्र ते तेरा आहेत.

हा प्रश्न केवळ नोकऱ्यांच्या वाटणीचा नाही. या शाखेत निदानाचा मुख्य आधार रक्ततपासणी नसून रुग्णाशी होणारं बोलणं हाच असतो. नैराश्यानं खचलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाला स्किझोफ्रेनियाचं लेबल लागण्याचं प्रमाण जास्त असल्याचं संशोधकांनी वारंवार दाखवलं आहे. रुग्णाचं जगणं ओळखणारे डॉक्टर कमी असले, की अशा चुकांना कोणी हटकत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये असोसिएशननं आपल्या इतिहासातल्या वर्णभेदाबद्दल जाहीर माफी मागितली. दोनच वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. स्त्रियांचं खातं भरलं ते कायद्यानं महाविद्यालयाचं दार उघडल्यामुळे. कृष्णवर्णीयांसाठी त्या दाराआधीच चांगल्या शाळेची वानवा आणि दोन लाख डॉलरच्या घरातलं शैक्षणिक कर्ज आडवं येतं. फेलोशिपा आणि माफीनामे त्यानंतरचे. शाळेपासून मदतीचा हात आणि फीसाठी पैसा दिल्याशिवाय ते दोन टक्के हलणार नाहीत.