मुलगी लवकर वयात येते आहे का?



यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "लेक थर्ड ग्रेडमध्ये, आत्ताशी आठ पूर्ण झालीत, आणि छाती दिसायला लागली आहे. हे नॉर्मल आहे का गं?" लगेच चार मतं पडली. एकीने इथल्या दुधाला दोष दिला, दुसरीने चिकनला. एका आजींनी "अंगाने भरलेली आहे, बाकी काही नाही" म्हणून विषय मिटवला. आजींचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

पाळी ही वयात येण्याची सुरुवात नव्हे, ती बरीच पुढची पायरी. आधी स्तनांची वाढ सुरू होते, मग उंची झपाट्याने वाढते आणि साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. १९९७ साली अमेरिकेत १७ हजारांहून अधिक मुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. गोऱ्या मुलींमध्ये ही सुरुवात सरासरी दहाव्या वर्षाच्या सुमारास, तर आफ्रिकन-अमेरिकन मुलींमध्ये नऊ पूर्ण होण्याआधीच होताना दिसली. पाळीचं वय मात्र त्या मानाने फारसं खाली आलेलं नव्हतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, सुरुवात कधी होणार यावर वंशापेक्षाही बीएमआयचा प्रभाव मोठा आढळला.

वजनाचा इथे काय संबंध? चरबी म्हणजे नुसता साठा नाही. तिच्यातून लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात जातं (याचा शोध १९९४ चा). शरीरात पुरेशी शिदोरी आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. लेप्टिन एकट्याने वयात येणं सुरू करत नाही, पण त्याच्यावाचून ते सुरूही होत नाही. प्रत्यक्ष कळ दाबणारं द्रव्य म्हणजे किसपेप्टिन. त्याचं जनुक पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी सापडलं, म्हणून तिथल्या प्रसिद्ध चॉकलेटवरून हे नाव! शिवाय चरबीत थोडं इस्ट्रोजेनही तयार होतं.

आपल्या मुलींबद्दलही एक जुना अभ्यास आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींना पाळी साधारण साडेअकराव्या वर्षी आली, म्हणजे तिथल्या मुलींच्या बरीच आधी. लहानपणीच्या कुपोषणानंतर झपाट्याने झालेली वाढ हे त्याचं एक कारण असावं, असा संशोधकांचा कयास होता. कोविडच्या लॉकडाउनमध्येही इटलीत आणि आपल्या पुण्यात फार लवकर वयात आलेल्या मुली जास्त दिसल्या. त्यामागे घरात बसून वाढलेलं वजन होतं की आणखी काही, यावर अजून एकमत नाही.

दुधाचं म्हणाल तर गाईंना देतात ते हार्मोन प्रथिन असतं, पोटात पचून जातं. ऑरगॅनिक घ्यायचं तर जरूर घ्या, पण हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आठ पूर्ण व्हायच्या आत खुणा दिसल्या तर पीडियाट्रिशियनकडे जायलाच हवं, मुलगी सडपातळ असली तरी. नुसती चरबी आहे की खरी स्तनाची गाठ, हे डॉक्टरांना हाताने तपासून बहुधा कळतं. फोटोवरून किंवा फोनवर भारतातल्या मावशीला विचारून कळत नाही. मग डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. वर्गात सगळ्यांत उंच असलेल्या मुलीची हाडं लवकर जुळली तर तिची वाढ लवकर थांबते आणि ती पुढे बुटकी राहू शकते. गरज पडल्यास इंजेक्शनने ही घाई काही वर्षं थोपवता येते. आईला पाळी कधी आली हेही डॉक्टर विचारतात, कारण आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

वजनासाठी मुलीला उपाशी ठेवू नका, आणि चारचौघांत "जाडी झालीस" तर मुळीच म्हणू नका. ज्यूस आणि सोडा घरात आणणं बंद करा, रोज तासभर बाहेर खेळू द्या, झोपेची वेळ पाळा. मराठी शाळेच्या खाऊत दर रविवारी सामोसेच का, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो आहोत!

त्या मैत्रिणीच्या लेकीची तपासणी झाली. सुरुवात खरीच आहे, हाडांचं वय थोडं पुढे आहे, औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा उंची मोजायची. त्या रात्री आईने तिला पाळीबद्दल सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "शाळेत आली तर कोणाला सांगायचं?" आता तिच्या दप्तरात एक छोटी पिशवी असते, आणि शाळेच्या नर्सची खोली कुठे आहे ते ती पाहून आली आहे.