खारट जमिनीत सब्जा-पुदिना : मायकोरायझाची पुडी घेण्यापूर्वी

रमजान जवळ आला की सरबत-फालुद्यासाठी सब्जाची विचारणा वाढते. या बियांना आम्ही उर्दूत तुख्मे-रैहान म्हणतो. पुदिना, मेथी, कोथिंबीर यांना तर बारमाही गिऱ्हाईक. म्हणून कोकणच्या खाडीकाठचे आणि शिरोळ-मिरजेकडचे काही बांधव विचारतात की, खारावलेल्या रानात ही पिके मायकोरायझाच्या पुडीने खरोखर येतात काय?

आमचा धंदा कापडाचा. पण आमच्या एका आप्तांनी पुडीवरची जाहिरात वाचून मिठागरालगतच्या अर्ध्या एकरात ती पावडर खतासारखी फेकली आणि वर पुदिना लावला. पुदिना गेला, पैसेही गेले. तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवली, ती येथे देत आहोत.

मायकोरायझा म्हणजे मुळांच्या आधाराने जगणारी बुरशी. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली दिले. तिचे तंतू इतके बारीक की मातीच्या ज्या फटीत मूळ शिरत नाही तेथे ते शिरतात आणि स्फुरद व पाणी आणून रोपाला देतात. मोबदल्यात रोप तिला आपली साखर देते. भागीदारीचा हिशेब चोख आहे.

खारट जमिनीत रोपाची कोंडी दुहेरी असते. ओल असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही, आणि मिठातील सोडियम पोटॅशची जागा बळकावतो. (रंगाऱ्याच्या हौदात मीठ टाकले की रंग पाण्यातून सुताकडे जातो, हे कापडवाल्यांना ठाऊक आहे. तेथे उपयोगी पडणारे मीठ येथे वैरी होते.) बुरशी लागलेल्या रोपात सोडियम कमी आणि पोटॅश जास्त राहते. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी मेथीवर असे प्रयोग केले व ते २०१२ साली प्रसिद्ध झाले.

मात्र ही बुरशी जमिनीतले मीठ काढत नाही. विक्रेते नेमके हेच सांगत नाहीत. मीठ काढायचे तर चर खणून निचरा करावा लागतो, गोड्या पाण्याने जमीन धुवावी लागते. चोपण जमिनीला जिप्समही लागते. माती परीक्षणात विद्युत वाहकता ४ च्या वर गेली की जमीन खारट धरतात. क्षार फारच वाढले तर बुरशीचे बीजाणूसुद्धा नीट रुजत नाहीत. आमच्या आप्तांचे येथेच चुकले.

रीत अशी आहे : रोपे गोड्या मातीत, वाफ्यात किंवा ट्रेमध्ये करावीत. पावडर बियांच्या वा कलमांच्या अगदी खाली, मुळाला भिडेल अशी घालावी आणि बुरशी मुळात बसल्यावरच रोपे खारवट रानात न्यावीत. सुपर फॉस्फेटचा मारा केला तर रोप या भागीदाराला दारात उभे करीत नाही. बुरशीनाशकाची आळवणी तर मुळीच नको. पालक, मोहरी, मुळा, कोबी यांच्यासाठी पुडी घेऊच नये. त्यांच्या मुळांशी या बुरशीचे जमत नाही.

आता बाजाराची गोष्ट. ही बुरशी जिवंत मुळावाचून वाढत नाही, म्हणून इतर जिवाणू खतांसारखी ती नुसत्या पिंपात तयार करता येत नाही. मका, गवत अशांच्या मुळांवर किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांवर ती पोसावी लागते. दिल्लीच्या टेरी संस्थेने ही दुसरी पद्धत विकसित केली. खर्च येतोच, फारच स्वस्त पुडी दिसली तर आधी शंका घ्यावी. मायकोरायझा खत नियंत्रण आदेशाखाली येते. पुडीवर जिवंत बीजाणूंचे प्रमाण, तयार केल्याची तारीख व मुदत पाहावी, पावती घ्यावी. दुकानदाराने माल उन्हात मांडला असेल तर तो परत करावा.

आमच्या मते पुडी विकण्यापेक्षा बुरशी लागलेली पुदिन्याची व सब्जाची तयार रोपे विकणारी छोटी रोपवाटिका हा तरुणांसाठी अधिक सरळ धंदा आहे. गिऱ्हाइकाला निदान रोप डोळ्यांनी दिसते.

आमच्या आप्तांनी या खेपेला शेतातलीच माती भरून वीस कुंड्या मांडल्या आहेत, दहांत पुडीवर वाढवलेली रोपे आणि दहांत साधी. रान त्यांनी तूर्त पडीक ठेवले आहे.